मागच्या सीटचा पट्टा

“वास येतोय का गं अजून?” आप्पांनी विचारलं.

मी गाडीत बसले, काचा वर केल्या, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. कापूर होता, उदबत्ती होती, आईनं वाटीत घालून सीटखाली ठेवलेली कॉफीची पूड होती. आणि त्या सगळ्याच्या खाली, अगदी तळाला, नदी होती.

“येतोय,” मी म्हणाले.

“तुला माहीत आहे म्हणून येतोय. माहीत नसलेल्याला यायचा नाही.” आणि आप्पा बादलीतलं फडकं पिळायला लागले.

आप्पा म्हणजे शेडबाळे सर. सांगली जिल्ह्यातल्या कुठल्या कुठल्या गावांत त्यांनी मास्तरकी केली ते विचारू नका. मंडईत भाजी घ्यायला गेलो तरी कुणीतरी टक्कल पडलेला बाप्या पिशवी खाली ठेवायचा, “सर, ओळखलंत का?” म्हणायचा आणि भर मंडईत त्यांच्या पाया पडायचा. लहानपणी मला त्याचा भारी कंटाळा यायचा. मेथीची जुडी हातात धरून मी ताटकळत उभी, आणि हे आपले त्याच्या मुलाबाळांची चौकशी करतायत! पण खरं सांगते, कंटाळ्याच्या आत अभिमान असायचाच. हे माझे वडील आहेत, असं मी मान ताठ करून उभी राहायची.

ती राखाडी गाडी आप्पांनी रिटायर झाल्यावर घेतली होती. लांबलचक, मागं भलीमोठी डिकी. एवढी मोठी कशाला, असं आई म्हणाली तेव्हा म्हणाले, “जन्मभर एसटीत उभ्यानं गेलो. आता पाय पसरून जाऊ दे की.” पुढं ती जुनी झाली, पण कधी रुसली नाही. बाहुबलीला, धर्मस्थळाला, कुणाच्या बाळंतपणाला, सगळीकडं आम्हाला नेऊन आणलं तिनं.

मग एका वर्षी पुरात कृष्णा सांगलीतल्या आमच्या गावभागात शिरली. आम्हाला बोटीतून बाहेर काढलं, गाडी दारात राहिली. पाणी ओसरल्यावर परत आलो, तर टपावरसुद्धा गाळ, आणि बॉनेटवर कुणाच्या तरी घरचा पाट येऊन बसलेला. विमा होता तो नुसता समोरच्याचं नुकसान भरून देणारा. घराच्या भिंतींना हात लावला की गिलावा हातात यायचा. आम्ही मिरजेला भाड्याच्या दोन खोल्यांत येऊन राहिलो, आणि ठरलं की गाडी विकायची आणि त्यातनं घर उभं करायचं. दुसरं काही विकायला राहिलंच नव्हतं.

मेकॅनिकनं गाडी खोलली, वाळवली, चालू करून दिली. वर हेही सांगून ठेवलं, “सर, इंजिन ओढंल. पण वायरिंगला पाणी लागलंय, त्याची काही गॅरंटी नाही. आज पळंल, उद्या भर माळावर उभी राहील.”

विकून देणारा एजंट बागणे. त्याच्या तोंडात कायम सुपारी. त्यानं आम्हाला गाडी कशी तपासतात त्याचा पाठच दिला. “जाणता गिऱ्हाईक रंगाकडं बघत नसतोय, सर. तो कार्पेट उचलून बघतोय. सीटखालच्या नटांना गंज हाय का बघतोय. एसी लावून वास घेतोय. आणि सगळ्यात शेवटी सीटचा पट्टा पार टोकापातूर ओढतोय. पट्टा धुवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, तिथंच माणूस घावतोय.”

मग काय! आम्ही पट्टे धुतले. पुढचे दोन आणि मागचा एक मी साबणानं घासून लख्ख केले. चौथा, मागच्या डाव्या बाजूचा, अर्ध्यातच अडकून बसला. ओढून ओढून माझे हात लाल झाले.

“राहू दे,” आप्पा म्हणाले. “मागं बसून कोण पट्टा लावतंय आपल्याकडं?”

त्या रात्री जेवताना आईनं विषय काढलाच. “आणि घेणाऱ्यानं विचारलं तर?”

“विचारलं तर खोटं बोलणार नाही.”

“आणि नाही विचारलं तर?”

“नाही विचारलं तर आपण होऊन कशाला ढोल वाजवायचा? वांगी विकणारी बाई किडकं वांगं वर मांडून बसते का?”

“तुम्ही वांगी विकत नव्हतासा कधी,” आई म्हणाली आणि आमटी वाढायला लागली.

आप्पांनी ताट पुढं केलं. मी आईची बाजू घेतली नाही, कारण मला आमच्या घरी परत जायचं होतं. माझी खोली, माझी खिडकी, माझं कपाट. भाड्याच्या घरात आठ माणसांत एक संडास होता.

बागणेनं गिऱ्हाईक आणलं ते जतकडचं. “मुद्दाम लांबचं बघितलंय,” तो फोनवर म्हणाला. “तिकडं प्यायला पाण्याची बोंब. पुराची गाडी कशी असती ते त्यांना काय ठाऊक?”

रविवारी सकाळी नवरा-बायको दोघं एसटीनं आले. तो चाळिशीतला, काळासावळा, पांढरा शर्ट, कपाळाला भंडारा. ती हिरव्या लुगड्यात, पदर डोक्यावर, नजर तेज. आप्पा गाडीच्या पलीकडं उभे होते. माणूस फाटकातून आत आला, गाडीकडं बघितलं, मग आप्पांकडं बघितलं, आणि जागच्या जागी थांबला.

“सर? शेडबाळे सर न्हवं तुमी?”

आप्पा डोळे बारीक करून बघत राहिले.

“मी बिरा, सर! बिरा बंडगर. माळावरच्या शाळंत, चौथीला. तुमी मला सदऱ्याचं कापड घिऊन दिल्तं!”

आणि त्यानं चप्पल काढली, पळत आला आणि आप्पांच्या पायांवर डोकंच टेकलं. नुसता हात लावला नाही, डोकं टेकलं. बायकोलाही म्हणाला, “मायाक्का, पाया पड. हे आमचं सर. म्या सांगत असतो न्हवं, तेच.”

मंडईत अशा वेळी आप्पांचा हात पटकन समोरच्याच्या खांद्यावर जायचा. त्या दिवशी तो वर आलाच नाही. माणसाला घाम फुटतो म्हणतात, तो मी पहिल्यांदा बघितला, आणि तोही सकाळच्या थंडीत.

“गाडी... गाडी तुला पाहिजे होय रे?” आप्पा म्हणाले.

“मलाच की! एजंटानं मालकाचं नाव सांगितलं न्हाई, नुसतं रिटायर मानूस हाय म्हनला. माजं नशीबच म्हनायचं, सर. आई आजारी हाय. किडन्या गेल्यात. आठवड्यातनं दोन डाव मिरजंला आनून रगत धुवून न्यावं लागतंय. जीपवाल्याच्या हातापाया पडायचं, त्यो कवा येतोय, कवा येत न्हाई. म्हनलं आपली एक असंल तर म्हातारी निवांत आडवी होईल मागं. मागची सीट मोठी पायजे हुती, ही ब्येस हाय.”

मी दारात उभी होते. जत ते मिरज सगळा माळ. मधे सावली नाही की माणूस नाही. आणि मेकॅनिकचे शब्द मला आठवले, आप्पांनाही आठवले असणारच. म्हातारीला घेऊन ही गाडी तिथं उभी राहिली तर?

आप्पांनी घसा खाकरला. “हे बघ बिरा. नीट तपासून घे. जुनी गाडी आहे.”

“तपासायचं काय त्यात?”

“अरे, असं कसं? कार्पेट उचलून बघ. सीटखाली हात घाल.”

बिरा हसला. “तुमची गाडी मी तपासू? उद्या देवाला नारळ फोडताना इचारायचं का, बाबा तू खरा हायस का खोटा?”

“देव नाही मी.”

“आमास्नी तुमीच की.”

आप्पांनी गाडी चालू केली. एसी लावला. बिराच्या दंडाला धरून त्याला आत बसवलं. “वास घे बरं. काही येतोय का वास?”

मी बघतच राहिले. आठ दिवस जो वास घालवायला आम्ही तिघं राबलो, तोच वास आप्पा त्याच्या नाकाशी नेऊन धरत होते. आता ह्यानं विचारावं, नुसतं एकदा विचारावं की गाडी पाण्यात होती का, म्हणजे आप्पांना खरं सांगून मोकळं होता येईल. पण तो पठ्ठ्या विचारेल तर शपथ!

“कापराचा वास येतोय,” बिरा म्हणाला. “सरांच्या घरासारखा.”

आप्पा गाडीतनं उतरले. एकदम म्हातारे दिसले मला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असली गत झाली होती त्यांची.

मी आत गेले. आई चहा गाळत होती. खिडकी उघडी होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

“आई, तू तरी सांग आप्पांना.”

“मी काय सांगू? खाई त्याला खवखवे. खवखवतंय तर बोलू दे की त्यांना.” “त्या पोराच्या आईचं रक्त धुवायचं हाय गं, त्रिशला. आणि आपण...” पदरानं डोळे पुसून तिनं कप माझ्या हातात दिले.

ओट्यावर चहा झाला. बिरा खाली बसला, खुर्ची दिली तरी बसेना. बायकोला शाळेच्या गोष्टी सांगत होता, आणि एकेक गोष्ट आप्पांच्या अंगावर चाबकासारखी पडत होती.

“शाळंचा पान्याचा माठ फुटला हुता एकदा. दुष्काळाचं साल, मैलावरनं आनलेलं पानी. म्याच फोडल्ता, दंगा करताना. सरांनी कुनाला मारलं न्हाई, कुनाला इचारलं न्हाई. फळ्याकडं तोंड करून नुसतं हुबं राहिलं. मग मी आपला हुंदके देत उठलो, म्हनलं, सर, म्या फोडला. तवा सर काय म्हनलं, ठाऊक हाय? म्हनलं, इचारल्यावर सांगितलं आसतंस तर ते निम्मंच खरं. न इचारता सांगितलंस, ते पुरतं खरं.” त्यानं आप्पांकडं बघितलं. “माजी पोरं चुकली तर मी बी त्येच करतो, सर. इचारत न्हाई.”

आप्पांच्या कपातला चहा तसाच होता. वर साय धरली होती.

“व्यवहाराचं बोलू या मग,” बिरा म्हणाला. “तुमी सांगाल ते. घासाघीस करायची न्हाई, आधीच सांगतो.”

“जरा थांबा वो,” मायाक्का म्हणाली. “मी मागं बसून बघती. आत्यांचं रगत धुतल्यावर त्यास्नी तोल ऱ्हात न्हाई. दवाखान्यातली बाई म्हनली, पट्ट्यानं बांधून बसवत जा.”

ती उठली, गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत बसली. डाव्या बाजूला.

मी देवाचं नाव घेतलं. कशासाठी घेतलं ते देवालाच माहीत. पट्टा अडकलेलाच राहू दे म्हणून, की सुटू दे म्हणून?

तिनं पट्टा ओढला. अर्ध्यात अडकला. शेणामातीत राबलेले हात ते, माझ्यासारखे वहीपेन धरणारे नव्हेत. तिनं एक हिसका दिला आणि पट्टा खळ्ळकन टोकापर्यंत बाहेर आला. अर्धा काळा. अर्धा मातकट, वाळून पापुद्रे धरलेला. भुरभुर माती तिच्या हिरव्या लुगड्यावर सांडली.

“ह्यो चिखल कसला वो?” ती म्हणाली.

बिरा उठून गाडीपाशी गेला. पट्टा हातात घेतला, अंगठ्यानं चोळला, बोटं नाकाशी नेली. मग त्यानं तो पट्टा हळूच परत आत जाऊ दिला. सगळा आत जाईपर्यंत धरून उभा राहिला.

“लेकरांच्या पायाचा आसंल,” तो म्हणाला. “तू उतर खाली.”

“लेकरांचं पाय पट्ट्याला कसं...”

“उतर म्हनलं न्हवं का? कुनाच्या गाडीला नावं ठेवतीस?” तो तिच्यावर खेकसला.

ती उतरली. तोंड एवढंसं झालं तिचं. खरं बोलली म्हणून बोलणी खाल्ली बाईनं, आणि ती कुणासाठी, तर माझ्या बापासाठी. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

“बिरा,” आप्पा म्हणाले, “आमच्याकडं लहान लेकरू नाही रे.”

“मग धूळ आसंल, सर. आमच्याकडं काय कमी हाय धूळ?”

“धूळ नाही ती.”

“आसंल काय बी. च्या गार झाला बगा तुमचा.”

“अरे, विचार की मला!” आप्पा एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारची बाई बाहेर आली. “एकदा विचार! सर, गाडी पाण्यात होती का, एवढं विचार! मी खोटं बोलणार नाही. शपथ घेतो. विचार फक्त!”

बिरा खाली मान घालून उभा होता. हात मागं बांधलेले, शाळेत उभं राहतात तसे. मग अगदी हळू म्हणाला, “इचारल्यावर सांगायचं, आसं तुमी शिकवलं न्हवतं, सर.”

टोमणा नव्हता हो तो. टोमणा असता तर बरं झालं असतं, उलटून काही बोलता आलं असतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

आप्पा ओट्याच्या खांबाला टेकले. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. पाणी टपाच्या वर होतं, गाळ होता, वायरिंग गेलेलं आहे, मेकॅनिक काय म्हणाला, कॉफीची पूड, कापूर, पट्टे. लांबचं गिऱ्हाईक मुद्दाम शोधलं तेही. सांगायची गरज नव्हती तेसुद्धा सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी खाली बघत होते. फरशीच्या भेगेतून मुंग्यांची रांग चालली होती, ती मला अजून दिसते.

सांगून झाल्यावर मायाक्का पुढं आली. लुगड्यावरची माती झटकली. “लई बरं झालं सांगितलासा, सर,” ती म्हणाली. “म्हातारीला घिऊन माळावर आडकून पडलो आसतो. उपकार झालं तुमचं.”

उपकार म्हणाली ती! मनापासून म्हणाली. आप्पांनी डोळे मिटून घेतले. त्या बाईनं पायातली वहाण काढून मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

आईनं त्यांना जेवून जायला सांगितलं. थांबले नाहीत. एसटीची वेळ झाली म्हणाले. निघताना बिरा परत आप्पांपाशी आला. चप्पल काढली आणि पाया पडायला वाकला. आल्यावर वाकला होता तसाच, मुद्दाम जास्त नाही की कमी नाही.

आप्पांनी पाय मागं घेतले.

झटकन घेतले, विस्तवावर पडावेत तसे. बिराचा हात नुसत्या फरशीवर टेकला. क्षणभर तो तसाच वाकून राहिला. मग त्यानं तोच हात कपाळाला लावला, आणि दोघं फाटकातून बाहेर गेले. आप्पा खुर्चीत बसले, आणि बसताना त्यांनी दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली.

गाडी शेवटी भंगारवाल्यानं नेली, वजनावर. घर उभं राहायला वर्षं लागली. मी नोकरीला लागले तेव्हा कुठं गिलावा झाला.

माझ्या लग्नाला आप्पांचे सगळीकडचे विद्यार्थी आले होते. हॉलमधे रांग लागली. जो तो वाकायचा, आणि आप्पा पाय मागं घ्यायचे. “नको, नको. हात जोड, पुष्कळ झालं.” जावई वाकला, त्यालाही पाया पडू दिलं नाही. माझ्या सासऱ्यांना तर भरूनच आलं. पाव्हण्यांना सांगत सुटले, “बघा, याला म्हणतात मोठेपणा. एवढे विद्यार्थी घडवले, पण कुणाला पायाला हात लावू देत नाहीत. आजच्या काळात असा निगर्वी माणूस मिळायचा नाही.” लोक माना डोलवत होते.

बिरा आला होता. त्याची आई गेल्याचं सांगितलं त्यानं. मायाक्कानं मला हिरवं लुगडं आणलं होतं. रांगेत त्याचा नंबर आला तेव्हा तो वाकला नाही. तेवढा एकच. दोन पावलं लांब उभा राहिला आणि हात जोडले.

“निगर्वी माणूस,” सासरे परत म्हणाले.

मी आईकडं बघितलं नाही, आणि आईनं माझ्याकडं.